रिपोर्टमध्ये व्हायरस सापडत नाही, मग गोळी चालू का ठेवायची? (एचआयव्ही पेशीत नक्की कुठं बसतो)

संगमावरून
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत असते इथं, आज पहिल्यांदा धागा काढतेय. विषय घरातला आहे म्हणून नातं वगैरे सांगत नाही, फक्त दादा म्हणते. दादाला एचआयव्ही आहे, कळून सहा वर्षं झाली, एआरटी सेंटरच्या (एचआयव्हीची औषधं देतात तिथल्या) गोळ्या चालू आहेत, रोज रात्री नऊला एक. तब्येत एकदम चांगली, वजन भरलंय, कामावर जातो. आता परवा व्हायरल लोडचा रिपोर्ट आला, त्यावर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' लिहिलंय, म्हणजे व्हायरस सापडलाच नाही. घरात सगळ्यांना आनंद झाला, आई तर रडलीच. पण त्या दिवसापासून दादा म्हणतोय की गेला ना आता, मग गोळी कशाला, टायफॉईडच्या गोळ्या बरं वाटल्यावर कोर्स संपला की बंदच करतो की आपण. त्यात कुणीतरी त्याला एक चूर्ण सांगितलंय, 'उरलासुरला साफ होईल' म्हणून.

सेंटरवरच्या ताईंनी सांगितलं, बंद करायची नाही, व्हायरस लपून बसतो. पण कुठं लपतो? रक्तात नाही म्हणता ना, मग कुठं? नेटवर वाचलं की 'पेशीच्या डीएनएत जातो'. मी कॉमर्सवाली, मला कळेना की जातो म्हणजे काय, चिकटतो, शिरतो, की काय होतं नक्की. मला हे नीट समजून घ्यायचंय कारण 'डॉक्टर म्हणतात म्हणून' एवढ्यावर दादा ऐकणाऱ्यातला नाही, त्याला कारण लागतं. कुणी मराठीत सांगेल का?

नर्सताई कुपवाड
ताई बाकीचं सगळं नंतर, आधी एक काम करा. दादांना म्हणावं धागा संपेपर्यंत तरी गोळी चुकवू नका. बंद केली की बहुतेकांत काही आठवड्यांतच व्हायरस परत रक्तात दिसायला लागतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. चूर्ण घेत असतील तर तेही सेंटरवर दाखवा, लपवू नका.

वाळव्याचे मास्तर
संगमावरून ताई, प्रश्न फार चांगला विचारलात. तीस वर्षं बायो शिकवलं, एक सातबाऱ्याचं उदाहरण देतो, आपल्याकडं ते लगेच कळतं.

पेशीचा डीएनए म्हणजे गावचं दप्तर समजा. पेशीनं काय करायचं, कधी करायचं सगळं त्यात लिहिलेलं. आता साधा सर्दीचा व्हायरस येतो तो ओसरीवर बसतो, घरातला शिधा वापरतो, आपल्यासारखी पोरं तयार करतो आणि घर मोडून निघून जातो, दप्तराला हात लावत नाही. एचआयव्ही तसा नाही. तो थेट चावडीत जातो आणि फेरफार करून सातबाऱ्यावर स्वतःचं नाव लावतो. एकदा कूळ लागलं की लागलं. पुढं पेशी दोन झाल्या, चार झाल्या की वारसनोंदीसारखी ती ओळ आपोआप पुढच्या सगळ्यांच्या उताऱ्यावर येते. घरात माणूस राहतोय की नाही याचा प्रश्नच नाही, नाव कागदावर आहे.

व्हायरल लोडचा रिपोर्ट घरात माणसं किती फिरतायत ते मोजतो, कागद बघत नाही. म्हणून रिपोर्ट कोरा आला तरी नोंद तशीच असते.

मिरज जंक्शन
मास्तर +१. लॅबमध्ये आयुष्य गेलं म्हणून त्या शेवटच्या मुद्द्यात भर घालतो. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतो ना, ती मशीनमध्ये जोरात फिरवली की रक्ताचे थर होतात. तळाला लाल, सगळ्यात वर पिवळसर पाणी म्हणजे प्लाझ्मा, आणि दोन्हीच्या मध्ये एक पांढरट पातळ पापुद्रा, दुधावरच्या सायीसारखा. व्हायरल लोडसाठी आपण घेतो तो वरचा प्लाझ्मा. त्यात सुटे फिरणारे व्हायरस असतात, त्यांचा आरएनए मोजतो. पण एचआयव्ही ज्या पेशींत नाव लावून बसतो त्या सीडी४ पेशी, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, त्या सायीत असतात. ती साय या टेस्टला कुणी बघतच नाही, खाली राहून जाते. म्हणून ताई, दादांना सांगा की रिपोर्ट खोटा नाही, अगदी खरा आहे, फक्त तो पाण्याचा रिपोर्ट आहे, सायीचा नाही.

संगमावरून
मिरज जंक्शन काका, हे सायीचं पहिल्यांदा कळलं!! थांबा, दादाला संध्याकाळी सांगते. मास्तर, पण तो नाव लावतो म्हणजे करतो काय? पेन घेऊन लिहीत तर नसेल ना.

आष्टा ते औंध
मी मूळची आष्ट्याची, पुण्यात व्हायरसवरच काम करते, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते, लांब होईल पण वाचा, कारण खरी गंमत त्या 'लिहिण्यात'च आहे.

एचआयव्हीकडं डीएनए नसतोच मुळात, आरएनए असतो, त्याच्या दोन प्रती एका कोनासारख्या डबीत बंद. पेशीच्या अंगावर सीडी४ नावाचा एक खुंटा असतो आणि बहुतेक वेळा सीसीआर५ नावाचा दुसरा, व्हायरस आधी पहिल्याला धरतो मग दुसऱ्याला, आणि त्याचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळून जातं, तेल तेलात मिसळावं तसं. डबी आत पडते. आता अडचण अशी की पेशीचं दप्तर डीएनएच्या भाषेत आणि याच्याकडचा मजकूर आरएनएच्या. मग त्याच्याकडं स्वतःचा एक कारागीर असतो, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, तो आरएनए वाचून त्याचा डीएनए बनवतो. हे उलटं काम निसर्गात होतं यावर आधी कुणाचा विश्वास नव्हता. हॉवर्ड टेमिन हे १९६० च्या दशकापासून सांगत होते की कोंबड्यांचा ट्यूमर करणारा व्हायरस पेशीच्या डीएनएत जाऊन बसतो, लोक ऐकत नव्हते. १९७० मध्ये टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना वेगवेगळं काम करताना हे एन्झाइम सापडलं, १९७५ ला नोबेल मिळालं. एचआयव्ही तर सापडला १९८३ ला, म्हणजे तो यायच्या आधी त्याची ही युक्ती माहीत होती हे आपलं नशीबच म्हणायचं.

पुढं ती डबी केंद्रकाच्या भिंतीतल्या छिद्रातून आत जाते. आणि आता येतो दुसरा कारागीर, इंटिग्रेज. हा व्हायरसच्या डीएनएची दोन्ही टोकं एकत्र धरतो, प्रत्येक टोकावरून दोन अक्षरं छाटतो, त्यामुळं टोक धारदार होतं म्हणा. त्याच धारेनं तो आपल्या डीएनएच्या दोन्ही धाग्यांना चिरा पाडतो, एकमेकांसमोर नाही तर पाच अक्षरांच्या अंतरानं तिरप्या, आणि चीर पाडतानाच आपलं टोक तिथं जोडून टाकतो. चिरणं आणि जोडणं एकाच झटक्यात. दोन्ही बाजूंना छोटी फट राहते. ती फट कोण बुजवतं? आपलीच पेशी. तिला वाटतं डीएनए तुटलाय, दुरुस्त करूया, तिची दुरुस्तीवाली माणसं येतात, पाच अक्षरं भरतात, टाके घालतात. चोरानं भिंत फोडून आत खोली बांधावी आणि घरच्याच गवंड्यानं वरून गिलावा करून द्यावा. गिलावा झाल्यावर जुनी भिंत कुठली नवी कुठली ते पेशीला ओळखूच येत नाही.

आकडा सांगते. आपल्या एका पेशीत डीएनएची साधारण ६०० कोटी अक्षरं, त्यात याची जेमतेम पावणेदहा हजार. एवढ्या दप्तरात एवढीशी ओळ.

आणि हो, जागा अगदी कुठंही नसते. आपल्याच पेशीत एलईडीजीएफ नावाचं एक प्रोटीन असतं ते चालू असलेल्या जीन्सजवळ बसलेलं असतं, इंटिग्रेज त्याचं बोट धरून तिकडं जातो. म्हणजे वर्दळीच्या पेठेत दुकान टाकतो, ओसाड माळावर नाही. बहुतेक वेळा.

बारावी सायन्स
मॅडम एक डाउट. आमच्या पुस्तकात बॅक्टेरिओफेजचं लायसोजेनिक सायकल आहे, लॅम्डा फेज, म्हणजे बॅक्टेरियालाच लागणारा व्हायरस, त्याच्या डीएनएत बसतो. ते आणि हे सेमच का?

आष्टा ते औंध
नातेवाईक म्हण, सेम नाही. लॅम्डा एस्थर लेडरबर्ग यांना १९५० च्या सुमारास ई. कोलायमध्ये सापडला, त्याचा डीएनए ४८,५०२ अक्षरांचा. त्याची जागा ठरलेली, गॅल आणि बायो या दोन जीन्सच्या मधली, नेमून दिलेल्या खुर्चीवर बसल्यासारखा. आणि मुख्य फरक म्हणजे त्याला उठता येतं. बॅक्टेरियाच्या डीएनएला अल्ट्राव्हायोलेटनं इजा झाली, जीव धोक्यात आहे असं दिसलं की तो अख्खाच्या अख्खा सुटा होऊन बाहेर पडतो, ज्या मापानं आत शिरला त्याच मापानं. एचआयव्हीला ती सोयच नाही, त्याला शिरायचा रस्ता आहे, निघायचा नाही. बसलेल्या जागेवरूनच तो स्वतःच्या नकला काढून बाहेर पाठवतो, मूळ प्रत तिथंच राहते.

परीक्षेपलीकडचं एक सांगते. पटकीचा जंतू जे विष करतो ना ज्यानं पाण्यासारखे जुलाब होतात, ते विष मुळात जंतूचं नाहीच, त्याच्या डीएनएत बसलेल्या फेजचं आहे, १९९६ ला कळलं. आणि त्या फेजकडं इंटिग्रेज नाही, तो बॅक्टेरियाचीच हत्यारं वापरून आत बसतो. घटसर्पाचं विषही असंच फेजकडून आलेलं.

कोंबडीवाला विटा
मॅडम तुमी वर कोंबडीच्या ट्यूमरचं म्हणाला म्हणून विचारतो, आमचं लेयरचं शेड हाय. पहिल्यांदा धंदा टाकला तवा एका ठिकाणनं पिल्लं स्वस्तात घेतली, लस दिली म्हणून सांगितलं हुतं, पण दिलीच नव्हती का कशी ठेवली हुती देव जाणे. तिसऱ्या महिन्यात पक्षी लंगडाय लागले, एक पाय पुढं एक पाय मागं आसं पसरून बसायचे, दाण्यापाशी जाता येईना, बघवत नव्हतं. डॉक्टरनी एक पक्षी फाडून दावला, काळीज गाठींनी भरलेलं, पांढऱ्या पांढऱ्या. मॅरेक्स म्हणाले. निम्म्याच्या वर शेड गेलं. ते पण डीएनएतच जातं का?

आष्टा ते औंध
दादा वाईट वाटलं वाचून. हो, जातं, आणि ते फार खास ठिकाणी जातं. मॅरेक्सचा व्हायरस नागिणीच्या घराण्यातला. त्याच्या डीएनएच्या टोकांना जी अक्षरं असतात ती कोंबडीच्या गुणसूत्रांच्या टोकाला असणाऱ्या अक्षरांसारखीच. कासऱ्याचं टोक उसवू नये म्हणून आपण गाठ मारतो तशी गुणसूत्राच्या टोकाला एक गाठ असते, टेलोमियर. हा तिथं जाऊन बसतो, पांढऱ्या पेशींच्या टोकांना, आणि त्याच पेशी बेफाम वाढून काळजात गाठी होतात. लस एक दिवसाच्या पिल्लाला मानेच्या कातड्याखाली देतात, बरीचशी लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते, साखळी तुटली की लस गेली. आणि एक लक्षात ठेवा, ही लस गाठी थांबवते पण व्हायरसची लागण पूर्ण थांबवत नाही, लस दिलेला पक्षीही पिसांच्या कोंड्यातून व्हायरस बाहेर टाकतो. त्यामुळं नवीन बॅच टाकायच्या आधी जुना कोंडा, लिटर, धूळ सगळं काढायलाच पाहिजे.

कोंबडीचे उपकार मात्र मोठे आहेत. १९११ ला पेटन राऊस यांनी कोंबडीचा ट्यूमर वाटून, बारीक गाळून, त्यात एकही पेशी नाही असं पाणी दुसऱ्या कोंबडीला टोचलं आणि तिला ट्यूमर झाला. म्हणजे व्हायरसनं कॅन्सर होऊ शकतो. त्यांना नोबेल मिळालं १९६६ ला, ५५ वर्षांनी. टेमिन ज्यावर काम करत होते तो हाच व्हायरस.

तासगाव द्राक्षबाग
मग झाडांचं काय? जुन्या वेलींच्या खोडाला जमिनीलगत खडबडीत गाठी येतात, कुणी व्हायरस म्हणतं.

वाळव्याचे मास्तर
तुम्ही म्हणताय तसल्या गाठी बहुधा क्राऊन गॉल, तो व्हायरस नाही, अ‍ॅग्रोबॅक्टेरियम जातीचा जंतू. पण काम तेच करतो, जखमेतून शिरून स्वतःच्या डीएनएचा एक तुकडा वेलीच्या पेशीत घालतो आणि पेशी गाठ वाढवत बसते, जंतू मेला तरी गाठ वाढतेच कारण हुकूम आता पेशीच्या दप्तरात आहे. जीएम पिकं करताना शास्त्रज्ञ याच जंतूकडून काम करून घेतात. वेल एकदा कृषी अधिकाऱ्यांना दाखवा, मी फोटो न बघता बोलतोय.

कृष्णाकाठचा
विषय निघालाच आहे तर, आमचे काका अजून म्हणतात कोविडच्या लशीनं डीएनए बदलला. आणि स्वतः कोविड? तो पण बसला असेल ना आत कुठंतरी?

आष्टा ते औंध
नाही. कोविडचा व्हायरस आरएनएवाला, पण त्याच्याकडं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नाही आणि इंटिग्रेजही नाही. त्याचं सगळं काम केंद्रकाच्या बाहेर, पेशीच्या अंगणात होतं. २०२१ मध्ये एका अभ्यासात प्रयोगशाळेतल्या पेशींत त्याचे तुकडे डीएनएत दिसल्याचं छापून आलं होतं, त्यावर बराच वाद झाला आणि इतरांनी दाखवलं की असे जोड तपासणीच्या पद्धतीतूनच तयार होऊ शकतात.

लशींचं, कोव्हॅक्सिन म्हणजे मारलेला व्हायरस. कोविशील्डमध्ये चिंपांझीच्या सर्दीच्या व्हायरसचा डीएनए, तो केंद्रकात जातो हे खरं, पण शिवणारा कारागीर त्याच्याकडं नाही, म्हणून तो तिथं सुटाच राहतो आणि ती पेशी गेली की तोही जातो. काकांना हे प्रेमानं सांगा, त्यांची भीती चेष्टेवारी नेऊ नका, 'केंद्रकात जातो' एवढं अर्धवट ऐकलं तर कुणालाही भीती वाटेल.

बारावी सायन्स
आणि कांजिण्या? आजीला नागीण झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले लहानपणीचा व्हायरस आत झोपला होता.

आष्टा ते औंध
झोपलेला असतो, पण दप्तरात नाव न लावता. मज्जारज्जूजवळच्या चेतापेशींच्या केंद्रकात त्याचा डीएनए सुट्या गोल कड्यासारखा पडून असतो. लपणं वेगळं आणि शिवून घेणं वेगळं, हा फरक बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

यात मधलेही प्रकार आहेत. हिपॅटायटिस बी बघा. त्याचा डीएनए साधारण ३,२०० अक्षरांचा, लिव्हरच्या पेशीत तो गोल कडं करून राहतो आणि तेवढ्यावर त्याचं भागतं. पण त्याचे तुकडे कधीकधी अपघातानं आपल्या डीएनएत शिवले जातात. व्हायरसला त्याचा उपयोग काही नाही, अशा तुकड्यातून पुरा व्हायरस तयार होत नाही, पण वर्षानुवर्षं असं होत राहिलं की लिव्हरच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून बाळाला जन्मल्यावर २४ तासांत ती लस देतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा एचपीव्हीही तसाच, तो सहसा सुटा राहतो, पण तुटून आपल्या डीएनएत शिवला गेला की अनेकदा त्याचा लगामवाला जीन मोडतो, ई२, आणि ई६ ई७ हे दोघं मोकाट सुटतात. ते पेशीचे दोन मोठे राखणदार निकामी करतात आणि पेशी वाढतच जाते. घरात मुली असतील तर ही लस जरूर द्या, पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक आता आपल्याकडं आहे.

माणदेशी
हे शिवून घेणं नेहमी वाईटच का? आमच्याकडं माडग्याळी मेंढरं आहेत, त्यांना असलं काही होतं का, सहज विचारतोय.

आष्टा ते औंध
सहज विचारलंत पण धाग्यातला सगळ्यात सुंदर प्रश्न विचारलात. पांढऱ्या पेशीत व्हायरस शिवला गेला तर तो त्या प्राण्याबरोबर संपतो. पण बीजात शिवला गेला तर पिल्लाला मिळतो, पिल्लाच्या पिल्लाला मिळतो. असं लाखो वर्षांत होऊन होऊन आज आपल्या सगळ्यांच्या डीएनएचा साधारण ८ टक्के भाग अशा जुन्या रेट्रोव्हायरसांचा, म्हणजे एचआयव्हीसारख्या शिवून घेणाऱ्या व्हायरसांचा आहे. बहुतेक मोडून पडलेले, पण काही कामाला लागलेत. आईच्या पोटात वार तयार होताना पेशी एकमेकींत मिसळून एक अखंड पापुद्रा होतो, त्यातून बाळाला पोषण मिळतं. पेशी मिसळवणारं ते प्रोटीन, सिन्सिटिन, एका जुन्या व्हायरसचं आहे. व्हायरस पेशीत शिरायला जे हत्यार वापरायचा, तेच.

मेंढीत तर हे प्रयोग करून बघितलंय, २००६ मध्ये. मेंढीच्या डीएनएत बसलेल्या जुन्या व्हायरसचं प्रोटीन थांबवलं तर वार नीट वाढली नाही आणि गाभ टिकला नाही. म्हणजे तुमच्या कळपात कोकरू जन्मतं आणि मागनं वार पडते ना, त्या वारेत त्या जुन्या पाहुण्याचा हात आहे.

माणदेशी
वार आम्ही लांब नेऊन पुरतो, कुत्र्यानं खाऊ नये म्हणून. आता पुरताना हे आठवेल.

संगमावरून
मंडळी, तुम्ही सगळे किती मनापासून लिहिताय, दोनदा वाचलं मी. काल दादाला मास्तरांचं सातबाऱ्याचं सांगितलं, सायीचं पण सांगितलं. सायीचं पटलं. पण सातबाऱ्याचं ऐकून तो काय म्हणाला माहितीये, "मग प्रांताकडं अपील करून नोंद रद्द करू की, ती गोळी रोज खाऊनसुद्धा खोडत नसेल तर गोळीचा उपयोग काय?" मला उत्तर नाही देता आलं. खरंच, गोळी नक्की काय करते मग? आणि नोंद खोडता येतच नाही का?

वाळव्याचे मास्तर
दादा हुशार आहेत. माझं उदाहरण तिथं तोकडं पडतं हे मान्य, मॅडमच सांगतील.

आष्टा ते औंध
दादांचा प्रश्न अगदी बरोबर आहे, यावरच जगभर काम चाललंय.

सरकारी सेंटरची जी एक गोळी असते त्यात साधारणपणे तीन औषधं असतात, टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर. पहिली दोन रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजला अडवतात, म्हणजे आरएनएचा डीएनए होऊच देत नाहीत. तिसरं इंटिग्रेजच्या हातात जाऊन बसतं, म्हणजे शिवण होऊ देत नाही. तीनही औषधं नवीन पेशी वाचवतात. रोज, नव्यानं. जुनी झालेली शिवण मात्र तिघांपैकी कुणीच उसवत नाही, ते त्यांचं कामच नाही.

ज्या पेशींत शिवण झालीय त्यातल्या बऱ्याच लवकर मरतात. पण काही सीडी४ पेशी आठवण ठेवणाऱ्या असतात, एकदा आलेला रोग लक्षात ठेवून वर्षानुवर्षं शांत बसायचं हेच त्यांचं काम. पेशी झोपली की आतली ओळही झोपते. ना प्रोटीन, ना व्हायरस, मग आपली प्रतिकारशक्तीही तिला ओळखत नाही आणि औषधालाही धरायला काही नाही. अशा झोपलेल्या पेशी, ज्यात पुरी चालू शकेल अशी ओळ आहे, साधारण दहा लाखांत एक. इतक्या कमी. पण हा साठा निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात, आणि त्या हिशोबानं गोळ्या घेऊन तो पूर्ण संपायला ७० वर्षांच्या वर. त्यात त्या पेशी अधूनमधून स्वतः दोनाच्या चार होतात. गोळी बंद असताना यातली एक जरी जागी झाली तरी बस आहे.

खोडता येतं का? टिमोथी रे ब्राऊन म्हणून होते, त्यांना एचआयव्हीबरोबर ब्लड कॅन्सरही होता. २००७ मध्ये बर्लिनला त्यांना अशा दात्याच्या मूळ पेशी दिल्या ज्याच्या पेशींवर सीसीआर५चा तो खुंटाच नव्हता. त्यांचा एचआयव्ही परत आला नाही. २०२० ला ते कॅन्सरनं गेले, एचआयव्हीनं नाही. नंतर अजून काही जण असे बरे झालेत. पण कॅन्सर होता म्हणून एवढा जिवावरचा उपचार केला, धडधाकट माणसाला रोजच्या एका गोळीच्या बदल्यात हे कुणी करणार नाही. कात्रीसारखी एन्झाइम्स वापरून ओळ कापायचे प्रयत्न चालू आहेत, प्रत्येक झोपलेल्या पेशीपर्यंत कात्री पोचवणं हीच अडचण आहे.

आणि हेच शिवणकाम आता उपचाराला पण वापरतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलनं मिळून केलेली कार-टी उपचारपद्धती, नेक्सकार१९, ऑक्टोबर २०२३ ला तिला मंजुरी मिळाली. त्यात रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढून एचआयव्हीच्या घराण्यातल्याच पण दात काढलेल्या व्हायरसकडून त्यात कॅन्सर ओळखणारा जीन शिवून घेतात. कायमची शिवण लागते म्हणून तर तोच शिंपी निवडला.

नर्सताई कुपवाड
मॅडमनी सगळं सांगितलं, मी दोनच गोष्टी. दादा कॅल्शियमची, लोहाची किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी घेत असतील तर ती या गोळीबरोबर घेऊ नका, डोल्युटेग्राव्हिर त्या धातूंना धरून बसतं आणि अंगात कमी शोषलं जातं. किती अंतर ठेवायचं ते सेंटरवर विचारून घ्या.

दुसरं म्हणजे 'सापडला नाही' ही खरंच आनंदाची बातमी आहे, ती छोटी करू नका. लोड असा दबलेला राहिला तर जोडीदाराला संबंधांतून लागण होत नाही, हजारो जोडप्यांच्या अभ्यासात एकही लागण त्या माणसाकडून झाली नाही. लग्न, संसार, सगळं होतं. मी कामाला लागले तेव्हा फुकट औषधं नव्हती, ती २००४ ला सुरू झाली. त्याआधी आपल्या सांगलीत 'संग्राम' संस्थेनं १९९२ पासून आणि १९९६ पासून वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायकांनी वस्त्यावस्त्यांत फिरून काम केलं तेव्हा हातात फक्त कंडोम आणि माहिती होती. एका दवाखान्यात तर पेशंटचा पेला दोरीनं खाटेला बांधून ठेवलेला मी बघितलाय, दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून. त्या पेल्यापासून या एका गोळीपर्यंत आपण आलोय. दादांना म्हणावं ही गोळी फार कष्टानं आलीय.

संगमावरून
नर्सताई, पेल्याचं वाचून पोटात कालवलं.

काल जे झालं ते सांगते. दादाला हे सगळं मोबाईलवर वाचून दाखवत होते, तो गप्प होता. मग माझ्या तोंडून आपोआप आलं, अरे हे आपल्या पेवासारखं आहे. आमच्या हरिपुरात हळदीची पेवं असायची, जमिनीत खोल, वर तोंडापुरती जागा. हळद भरली, तोंड बंद केलं, वर माती सारखी केली की वरनं चाललेल्या माणसाला कळणारसुद्धा नाही खाली काय आहे. वर्षानुवर्षं हळद आत तशीच राहायची, कीड नाही काही नाही. दादा लहानपणी आबांबरोबर पेव उघडताना असायचा. त्याला म्हटलं, रिपोर्ट मार्केट यार्डातली हळद मोजतोय, यार्डात आज एक पोतं नाही हे खरंय, पण पेव भरलेलं आहे. गोळी म्हणजे पेवाच्या तोंडावर बसलेला राखणदार, तो आतली हळद संपवत नाही, बाहेर आलेली एकही मूठ यार्डापर्यंत जाऊ देत नाही.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "२००५ च्या पुरात पेवात पाणी गेलं तेव्हा कळलं कुठं कुठं होती ते." एवढंच.

आष्टा ते औंध
ताई, माझ्या लॅबमधल्या मुलांना हे पेवाचं सांगणार आहे, परवानगी द्या. फक्त एक दुरुस्ती, पेवातली हळद आपणहून वाढत नाही, या पेशी कधीकधी वाढतात. बाकी चपखल.

कोंबडीवाला विटा
ताई दादाला माझा नमस्कार सांगा.

संगमावरून
सांगितला. काल रात्री नऊचा गजर झाला तेव्हा तो जेवत होता, उठला, हात धुतला, गोळी घेतली, परत ताटावर बसला. कॅल्शियमची गोळी खरंच तो त्याच वेळेला घ्यायचा, ती आता सकाळच्या चहाच्या वेळेला ठेवलीय, सेंटरवर विचारून पक्कं करू. चूर्णाची पुडी त्यानं स्वतःच पाकिटात घालून ठेवलीय, सोमवारी सेंटरवर दाखवायला.